फोन येण्याआधी घरात करून ठेवायची तयारी

ऑनलाइन फसवणुकीचा फोन येतो तेव्हा विचार करायला उसंत मिळत नाही, आणि ती मिळू नये हीच समोरच्याची सारी खटपट असते. म्हणून पुढील कामे एखाद्या रविवारी, घरातली सगळी माणसे एकत्र असताना, वही-पेन घेऊन उरकावीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी घरांना याची निकड अधिक आहे, असे माझे मत आहे. कारण बँकेचे आणि सरकारी संदेश बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येतात, अनेक वयस्कर माणसांना ते वाचता येत नाहीत, आणि मग जो कोणी हिंदीतून वा मराठीतून आपुलकीने समजावून सांगेल त्याच्यावर त्यांचा विश्वास चटकन बसतो.

सर्वांत आधी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहावा आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवावा. त्यानंतर वहीत घरातल्या प्रत्येक खात्याची बँक, शाखा, पासबुकावर छापलेला बँकेचा दूरध्वनी आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक लिहून काढावा. आपल्याकडे एकाच घरात एक खाते बेळगावात, दुसरे चंदगड किंवा गडहिंग्लजला, आणि सिम पुण्यात वा गोव्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या नावावर, असा प्रकार असतो. ऐन वेळी कोणते खाते बंद करायला सांगायचे हेच आठवत नाही. पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत लिहू नयेत. ‘संचार साथी’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही पाहून घ्यावे, आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास तिथेच तो आपला नसल्याचे कळवावे.

मग फोनकडे वळावे. व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, तिचे नाव वाहनाचे चलन असो, लग्नपत्रिका असो की किसान योजना, उघडायची नाही, हा नियम घरातल्या सर्वांत लहान मोबाइलधारकापर्यंत पोहोचवावा. अशी फाइल ॲप म्हणून फोनमध्ये बसते, संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि एकदा ती मिळाली की ओटीपी कोणालाही न सांगता परस्पर बाहेर जातो; ‘मी तर काहीच सांगितले नव्हते’ असे सांगणारी माणसे अनेकदा खरेच बोलत असतात. गाडी केए 22 ची असो वा एमएच 09 ची, दंड खरोखर आहे का हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक स्वतः टाकून पाहता येते. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲप आणि ब्राउझरला ॲप बसवण्याची दिलेली परवानगीही काढून टाकावी.

यूपीआयसाठी वेगळे खाते ठेवून त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवणे उत्तम. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे वाक्य कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा होण्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक बाईला तोंडपाठ असावे. आधारची बोटांच्या ठशांची नोंद कुलूपबंद करण्याची सोय आहे आणि ती वापरावी, कारण अंगठ्यावर पैसे काढण्याच्या पद्धतीत ठशाची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे प्रकार घडले आहेत; मात्र रेशन अंगठ्यावर मिळत असेल तर दुकानात जाण्याआधी कुलूप तात्पुरते उघडावे लागते, आणि ते कोण उघडून देणार हेही त्याच वेळी ठरवावे.

‘डिजिटल अटक’ या प्रकारासाठी मात्र नुसती माहिती पुरत नाही, सराव लागतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या आधारवर पार्सल सापडले किंवा काळा पैसा फिरला असे सांगतो, दार लावून घ्यायला आणि कोणाशीही न बोलायला भाग पाडतो. भारतीय कायद्यात अशी अटक नाही; कोणतेही पोलीस ठाणे, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे ‘सुरक्षित खात्यात’ भरायला सांगत नाही. 2025 साली आपल्याच खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्याने अशा धमक्यांपायी जीव गमावला, ही गोष्ट मनातून जात नाही. ज्या घरी म्हातारे आईवडील एकटे राहतात, तिथे मुलांनी स्वतः तो फोन करणारा बनून तालीम घ्यावी: आईने फोन कापायचा, दार उघडायचे, शेजारच्या घरी जायचे आणि तिथून मुलाला फोन लावायचा. शेजाऱ्यांनाही याची आधी कल्पना द्यावी. पोलिसांचे नाव ऐकून घाबरलात तरी आम्ही रागावणार नाही, हे आईवडिलांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण पुष्कळ माणसे पैशापेक्षा मुलांच्या बोलण्याला भिऊन गप्प राहतात.

एवढे करूनही पैसे गेलेच तर पहिला फोन 1930 ला लावावा. चोरलेली रक्कम काही वेळातच एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात फिरते, आणि तक्रार लवकर नोंदली गेली तरच ती वाटेत गोठवता येते. रक्कम, वेळ, बँकेचे नाव आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार पडत नाही, आणि ओटीपी स्वतः दिला असला तरी खबर दिल्यानंतरचे नुकसान बँकेकडे जाते. जिल्ह्यातील सायबर गुन्ह्यांचे पोलीस ठाणे ‘सीईएन’ (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) या नावाने ओळखले जाते. तिथे जाताना पासबुक, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि 1930 ने दिलेला तक्रार क्रमांक न्यावा. कन्नड लिहिता येत नसेल तर नाव, पत्ता, खाते आणि घटना यांच्यासाठी जागा मोकळी सोडलेला तक्रारअर्जाचा नमुना ओळखीच्या कन्नड शिक्षकांकडून आजच लिहून घेऊन वहीच्या शेवटच्या पानात घडी घालून ठेवावा.