गोव्यात राहून स्कीन ड्राय? मग या चुका टाळा

"आम्ही समुद्राकाठचे, दिवसभर घामाने निथळतोय, आमची कसली स्कीन ड्राय होते!" असं म्हणणाऱ्याच्याच नडगीवर नखाने रेघ ओढून बघा, पांढरी उमटते. हवा दमट असून भागत नाही हो. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरे स्निग्ध पदार्थ असतात, ते आतलं पाणी धरून ठेवतात, आणि तेच आपण रोज न्हाणीघरात धुऊन टाकतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जरा गार वारं सुटलं की गीझर फुल आणि कढत पाण्याच्या बादल्यावर बादल्या, वरून अंगभर साबण. त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 5 च्या आसपास, साध्या साबणाचा 9-10, मग अंग ओढल्यासारखं होणारच. कोमट पाणी घ्या, 5-10 मिनिटांत आटपा, साबण काखा, जांघा, पाय एवढ्यालाच बस्स.

खोबरेल तेलाचं तर वेगळंच. आंघोळीआधी चोपडायचं आणि मग साबणाने खसाखसा काढायचं, याने काय उरणार? आणि तेल पाणी घालत नाही, असलेलं अडवतं फक्त. म्हणून टॉवेलने नुसतं टिपून, अंग ओलसर असतानाच 3 मिनिटांच्या आत तेल किंवा ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर लावा. पणजीत-वेर्ण्यात दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी हाताला दुपारी परत लावा, एसी हवेतली ओल ओढून घेतो. मिरामारला डुंबून आलात तर मीठ अंगावर वाळू देऊ नका. तीन-तीन लिटर पाणी प्यायल्याने मात्र भेगा भरत नाहीत, तहानेपुरतं प्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गजकर्णाला कोरडेपणा समजणं. गोल चट्टा, कडा लालसर, उठलेली, खाज कडेला जास्त, तर फार्मसीतून कुठलीतरी स्टिरॉइडची ट्यूब आणून फासू नका, चार दिवस खाज थांबते आणि मग ते दुप्पट पसरतं! स्कीनच्या डॉक्टरला दाखवा, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) ओपीडी आहेच.

एवढं सगळं करूनही फरक नाही, त्यात थकवा, वजन वाढतंय, तर थायरॉइड तपासा. कोलेस्टेरॉलच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनीही काहींची त्वचा सुकते, पण त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. टाचांना 10 टक्के युरियाची क्रीम चांगली, उघड्या भेगेत झोंबते तेवढं बघा, आणि डायबेटीसवाल्यांनी वजरीने टाचा घासत बसू नये, भेग दिसली की सरळ डॉक्टर.