कडाक्याच्या रात्री तुषार सुरू करण्याआधी ओला पारा बघा

थंडीत पीक गोठू नये म्हणून रात्रभर तुषार चालवायचे आणि सकाळी पाणी न दिलेल्या भागापेक्षा पाणी दिलेलाच भाग जास्त करपलेला दिसायचा, असेही होते. दोष पाण्याचा नसतो, वेळेचा असतो.

पाणी गोठताना किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता सोडते. कळीला वाचवते ती हीच ऊब. पण तेच पाणी वाफ होऊन उडाले, तर किलोमागे सुमारे २५०० किलोज्यूल ओढून नेते. म्हणजे एक लिटर उडाले की साडेसात लिटर गोठून मिळालेली ऊब गेली. ओल्या पानावरून वाफ हवेत जाते आणि हवेतली उष्णता पानाकडे येते. दोन्हींचा मेळ बसतो तिथे पानाचे तापमान थांबते. त्यालाच आपण ओला पारा म्हणू.

तो घरीही मोजता येतो. तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा आणि पारा स्थिर होईपर्यंत जोरात वारा घाला. नुसता टांगून ठेवलेला तापमापक चुकीचे, जास्तच तापमान दाखवतो. मोजायचे ते तुषार पडत नाहीत अशा जागी, वारा येतो त्या बाजूला.

हवा २ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर ओला पारा दीड अंशाच्या जवळपास राहतो. आर्द्रता ५० टक्के असेल तर तोच शून्याखाली साधारण १ अंश जातो. कोरडा पारा २ दाखवतोय म्हणून निर्धास्त राहिलात आणि तेव्हा पाणी सोडलेत, तर पान आपणच गोठवले. ओला पारा शून्याच्या वर आहे तोवरच तुषार सुरू करा. हवा कोरडी आणि वारा सुटलेला असेल, तर मी म्हणेन, त्या रात्री पाण्याच्या वाटेलाच जाऊ नका.

पाण्याचा हिशेब आधी करा. तासाला ३ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ३०,००० लिटर, तेही सकाळपर्यंत अखंड. पंप मध्येच बंद पडण्याची शक्यता असेल तर सुरू न केलेलेच बरे. बर्फ काचेसारखा पारदर्शक दिसला तर पाणी पुरते आहे. दुधाळ झाला तर कमी पडते आहे.

ऊन पडले की लगेच बंद करण्याचा मोह होतो. पण हवा कोरडी असेल तर बर्फ न वितळता थेट वाफ होतो. हे संप्लवन, आणि ते किलोमागे सुमारे २८३० किलोज्यूल खेचते, बाष्पीभवनाहूनही जास्त. थेंब न पडताच बर्फ पातळ होतोय असे दिसले तर समजा, फांदी अजून थंड होते आहे. ओला पारा शून्याच्या वर जाऊन टिकला आणि साल व बर्फ यांच्यामधून पाणी ओघळू लागले की मग पंप थांबवा. सगळा बर्फ गळून पडेपर्यंत थांबायची गरज नाही.