ब्रिटनमध्ये मित्रांकडे फिरताना वाढदिवस आला तर

सामानात पेढे, बर्फी, तूप भरू नका. भारतातून प्रवाशाने ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे, आणि तपासणीत सापडले तर डबा तिथेच जातो. शेंगदाण्याची चिक्की मात्र नेता येते. पाकीट दुकानातलं, सीलबंद असू द्या.

औक्षणाला ताम्हण, अंगठी आणि कुंकवाची छोटी डबी पुरे. अक्षतांचे तांदूळ यजमानांच्या डब्यातले. तुपाऐवजी तेलात वात भिजवा. काडेपेटी बॅगेत घालायची नसते, तीही तिकडेच घ्यावी. हॉटेलच्या खोलीत मात्र ज्योत लावूच नका, छतावरच्या यंत्राने धूर पकडला की अख्खी इमारत रस्त्यावर उतरते! तिथे बॅटरीचा दिवा बरा.

केक गाडीतून न्यायचा असेल तर सीटवर ठेवू नका. सीट मागे उतरती असते, त्यामुळे पहिल्या ब्रेकलाच क्रीम खोक्याला चिकटतं. डिकीच्या सपाट तळावर, खाली रबरी चटई किंवा ओला टॉवेल घालून ठेवा. बिनअंड्याचा हवा असेल तर 'व्हीगन' लिहिलेला शोधा. 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्यात अंडं असू शकतं. सुरी चेक-इन बॅगेत.

आणि फोन. उन्हाळ्यात ब्रिटन भारतापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. घरचे रात्री 12 ला फोन करतील तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे 7:30 किंवा 6:30 वाजलेले असतील. नेमके तेव्हा तुम्ही हायवेवर असाल, तर आधीच कळवून ठेवा.