कुत्र्याला हाकेला यायला शिकवताना खाऊ किती द्यायचा

पहिल्याच दिवशी मासळीचे मोठे तुकडे देऊ नका, मी तीच चूक केली. मालवणच्या बाजारातला बांगडा बिनमिठाचा उकडून, काटे काढून मोत्याला द्यायचो, हाक मारली की किनाऱ्यावरनं वाळू उडवत सुसाट यायचा, मग पावसात होड्या बंद झाल्या म्हणून भाकरी पुढे केली तर नुसती हुंगली आणि चालता झाला. तोच तुकडा शेजारचा कुत्रा शेपूट हलवत खातो!

1942 साली क्रेस्पी या मानसशास्त्रज्ञांना उंदरांत हेच दिसलं, पळत टोकाला पोचलं की उंदरांना खाऊचे दाणे मिळायचे, त्यात 256 दाण्यांवरून 16 वर आणलेले उंदीर पहिल्यापासून 16 च मिळणाऱ्यांपेक्षाही हळू पळाले, आणि 1 वरून 16 वर नेलेले जास्त जोरात. म्हणजे 16 दाणे तेच, पण आधी काय मिळत होतं त्यावर सगळं.

त्यामुळे सुरुवात भाकरीच्या नखाएवढ्या तुकड्याने करा, बांगडा अधूनमधून, लांबून धावत आला तरच. आधीच लाडावला असेल तर खाऊ एकदम तोडू नका, तुकडा रोज थोडा बारीक करत न्या. मधेच रुसला तरी ओरडू नका हं, तो शिकलेलं विसरलेला नसतो, चारपाच दिवस धीर धरा आणि हाक रोजच्यासारखीच प्रेमाने मारा.