प्यूजेट साउंडमध्ये खेकडे कसे पकडावेत: हंगाम, नियम आणि कवचाची परीक्षा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीत डंजनेस जातीचे खेकडे हौसेने पकडण्यासाठी परवाना सहज मिळतो, सापळा दुकानात मिळतो आणि पाण्यात खेकडेही भरपूर असतात. माणूस अडतो तो सापळा वर ओढल्यानंतर. समोर दहा-पंधरा खेकडे वळवळत असतात आणि त्यांतील कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. या टप्प्याबद्दल जो सल्ला ऐकू येतो तो बहुतेक वेळा ‘मोजा आणि ठेवा’ एवढाच असतो. तो अपुरा आहे, आणि त्यामुळे दर उन्हाळ्यात कितीतरी जिवंत खेकडे वाया जातात.

आधी हंगाम. उन्हाळी हंगाम बऱ्याच भागांत जुलैच्या सुरुवातीस उघडतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला, संपतो. त्यातही साधारणपणे गुरुवार ते सोमवार एवढेच दिवस खुले असतात. ज्या भागांत राज्याच्या वाट्याचे खेकडे शिल्लक राहतात तिथे पुढे हिवाळी हंगाम डिसेंबरअखेरपर्यंत चालतो. ‘राज्याचा वाटा’ म्हणण्याचे कारण असे की १९९४ मधील न्यायालयीन निर्णयानंतर अमेरिकी सरकारशी जुने करार असलेल्या आदिवासी जमातींचा इथल्या खेकड्या-शिंपल्यांतील निम्म्या उत्पन्नावरील हक्क मान्य झाला आहे आणि दोन्ही बाजूंचे हंगाम त्या हिशेबाने आखले जातात. संपूर्ण साउंड क्रमांक दिलेल्या सागरी भागांत विभागलेला असून प्रत्येक भागाच्या तारखा वेगळ्या असतात. उत्तरेकडे, कॅनडाच्या सीमेलगतच्या पाण्यात, कात टाकलेल्या नरांची नवी कवचे उशिरा घट्ट होतात म्हणून तिथला हंगाम बहुधा ऑगस्टच्या मध्यावर उघडतो; याउलट दक्षिण टोकाचा १३ क्रमांकाचा भाग खेकडे घटल्यामुळे अलीकडे अनेक हंगाम बंद ठेवण्यात आला होता. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा किंवा शेजाऱ्याने सांगितलेल्या तारखा यांवर कधीही विसंबू नये. निघण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या भागाचा क्रमांक घालून खात्री करून घ्यावी, कारण तातडीचे बदल हंगामाच्या मध्यावरही होतात.

परवान्यासोबत खेकड्यांची स्वतंत्र मान्यता आणि पकड-नोंद कार्ड घ्यावे. १५ वर्षांखालील मुलांना परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण कार्ड त्यांनाही लागते.

एका माणसाला दोनच सापळे टाकता येतात. सापळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात सव्वाचार इंच व्यासाची किमान दोन सुटका-कडी असावी लागतात, म्हणजे लहान खेकडे स्वतःहून निघून जातात. सापळ्याची जागा दाखवणारा तरंगता बोया अर्धा लाल आणि अर्धा पांढरा असावा, त्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव व पत्ता लिहिलेला असावा, आणि दोराला वजन लावलेले असावे, कारण तरंगता दोर दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात अडकतो. झाकण सुती दोरीने बांधणे हाही नियमच आहे: दोरी प्रक्रिया न केलेल्या शुद्ध सुताची आणि जास्तीत जास्त अष्टमांश इंच जाडीची असावी. सापळा हरवला तर ती कुजते, वाट मोकळी होते आणि आतले खेकडे सुटतात. प्यूजेट साउंडमध्ये दरवर्षी सुमारे १२,००० सापळे हरवतात असा अंदाज आहे. सुताऐवजी नायलॉन वापरला तर तसा सापळा तळाशी पडल्या पडल्या वर्षानुवर्षे खेकडे मारत राहतो. ‘सुती दोरी मध्येच तुटते’ अशी तक्रार करून कुणी नायलॉन सुचवला तर ते ऐकू नये. दोरी दर हंगामाला बदलावी.

आमिषाला कोंबडीच्या तंगड्या किंवा सॅल्मन माशाचे डोके पुरते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा असतो आणि हलका सापळा वाहून जातो, म्हणून भांगाचे दिवस निवडावेत आणि पाणी थांबते त्या सुमारास सापळा टाकावा. दोर खोलीपेक्षा किमान एक तृतीयांश अधिक लांब घ्यावा. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत बोटीतून सापळा टाकता किंवा ओढता येत नाही. आणि सोमवार हा आठवड्याचा शेवटचा खुला दिवस असेल तर त्या दिवशी सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत सापळे पाण्याबाहेर आलेच पाहिजेत.

आता सापळा वर आल्यावर काय करायचे ते. पहिल्यांदा जात ओळखावी. डेंग्यांची, म्हणजे नांग्यांची, टोके पांढरी असतील तर तो डंजनेस आणि काळी असतील तर लाल खडक-खेकडा. लाल खडक-खेकड्याचे नर-मादी दोन्ही चालतात. माप पाच इंच आणि दिवसाला सहा नग. डंजनेसचे मात्र फक्त नर, तेही घट्ट कवचाचे, सव्वासहा इंचांचे, दिवसाला पाच. खेकडा उलटा धरला की पोटावरची झडप अरुंद व टोकदार दिसल्यास नर, रुंद व गोलसर दिसल्यास मादी. कोकणात लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी मुद्दाम निवडून घेण्याची सवय असलेल्या मंडळींना हे पटायला वेळ लागतो, पण डंजनेसची मादी कितीही मोठी असली तरी ती परत पाण्यातच जाते.

मापात बहुतेकांची चूक एकाच जागी होते. पाठीच्या दोन्ही कडांना सर्वांत बाहेर आलेला एकेक काटा असतो. माप या काट्यांच्या टोकांपासून घ्यायचे नसते. काट्यांच्या अगदी पुढच्या बाजूला, काटे वगळून घ्यायचे असते. टोकांपासून मोजले की कमी मापाचा खेकडाही बसतोसा वाटतो, आणि दंड त्याच फरकावर होतो. मोजपट्टी किंवा शिवणकामाची टेप वापरू नये. ठरलेल्या मापाचे प्लास्टिकचे खाचेचे साधन घ्यावे. ते काट्यांच्या पुढे धरले आणि कवच त्या खाचेतून सैल निघून गेले, तर खेकडा लहान आहे. जेमतेम टेकणाऱ्या खेकड्यावर वाद घालत बसू नये, तो सोडावा. सव्वासहा इंच ही मर्यादा अशी ठेवली आहे की नराला त्याआधी प्रजननाची संधी मिळून जावी; त्यामुळे चोरलेला पाव इंच पुढच्या पिढीतून वजा होतो.

पण मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ ज्याने घेतला, आणि ज्याबद्दल सर्वांत वाईट सल्ले मिळाले, ती गोष्ट म्हणजे कवचाची परीक्षा. खेकडा वाढतो तो कात टाकून. जुने कवच सोडल्यावर तो पाणी शोषून फुगतो, नवे कवच मऊ असते, आणि आत मांस भरायला दोन-तीन महिने लागू शकतात. म्हणजेच नुकतीच कात टाकलेला खेकडा मापात अगदी सरस ठरतो आणि खाण्यात पाणचट निघतो. हंगामाची तारीख हा बहुसंख्य खेकड्यांचा अंदाज असतो. हातातल्या खेकड्याची हमी ती देत नाही. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत रिकामी कवचे पडलेली दिसली तर नवखे लोक खेकडे मेले असे समजतात. वास्तविक ती टाकलेली कात असते, आणि त्या दिवशी सापळ्यात मऊ खेकडे येणार असे धरून चालावे.

परीक्षा अशी करावी. खेकडा मागच्या बाजूने धरून पोट वर करावे. शरीराजवळच्या पहिल्या चालण्याच्या पायाचा सर्वांत जाड भाग अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबावा. मग कवचाची खालची कड, डेंग्याच्या मुळाजवळ, अंगठ्याने दाबावी. पाण्याच्या रिकाम्या बाटलीसारखा अंगठा आत गेला तर खेकडा मऊ आहे आणि तो ठेवणे बेकायदेशीर आहे. पाठीच्या मध्यावर दाबून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तिथले कवच जाड असते आणि अंदाज हमखास चुकतो. डोळ्यांनाही खुणा दिसतात: मऊ खेकड्याची पाठ स्वच्छ, चकचकीत, पोट पांढरेफटक, जुन्या घट्ट खेकड्याचे पोट पिवळसर-मळकट, काट्यांची टोके झिजलेली, पाठीवर एखादा शंखासारखा चिकटलेला जीव. मात्र खुणा फक्त संशय जागा करण्यासाठी वापराव्यात, निर्णय अंगठ्याने करावा. आणि दोन्ही ठिकाणी दाबावेच, कारण एक घट्ट आणि दुसरे लवचिक असे अर्धवट भरलेले खेकडे पुष्कळ निघतात. तेही सोडायचे.

सोडताना खेकडा फेकू नये. मऊ कवच पाण्यावर आपटले की फुटते. बोटीच्या कडेवरून वाकून तो पाण्यात अलगद ठेवावा. छोटे आणि मऊ खेकडे ‘नंतर निवडू’ म्हणून बादलीत साठवू नयेत. नियमाप्रमाणे ते लगेच परत गेले पाहिजेत, आणि उन्हात तापलेल्या बादलीत ते तसेही जगत नाहीत.

ठेवलेल्या प्रत्येक डंजनेसची नोंद कार्डावर शाईने त्याच क्षणी, पुढचा सापळा पाण्यात जाण्याआधी करावी. खेकडा बोटीवर किंवा किनाऱ्यावर साफ करू नये: पाठीचे कवच जोडलेले असल्याशिवाय माप तपासता येत नाही, म्हणून ते घरी पोहोचेपर्यंत तसेच ठेवावे लागते.

घरी साफ करताना आतला पिवळसर गाळ सगळा काढून टाकावा. तो रश्श्यात घालण्याचा मोह आपल्या लोकांना होतो, पण पाण्यात विषारी शेवाळ वाढलेले असेल तर खेकड्यातले विष याच भागात साठते आणि ते उकळूनही जात नाही. रश्श्यासाठी पाय ठेचून गाळून घेतलेला रस पुरेसा गोड असतो.

उन्हाळी कार्डाचा हिशेब १ ऑक्टोबरपर्यंत आणि हिवाळी कार्डाचा १ फेब्रुवारीपर्यंत कळवायचा असतो. एकही खेकडा मिळाला नसेल, किंवा एकदाही पाण्यात उतरला नसाल, तरी शून्याची नोंद पाठवावीच लागते. न पाठवल्यास पुढच्या परवान्याच्या वेळी १० डॉलर दंड भरावा लागतो.