कोर्सला नाव घातलं, परीक्षेचा फॉर्म राहिला

ऑनलाइन कोर्स करू का, असं ज्युनिअर पोरं विचारतात. कर की. पण परीक्षेचा फॉर्म भर. मी भरला नव्हता.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला स्वयमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांच्या कोर्सचा उपक्रम) 12 आठवड्यांचा कोर्स घेतला. कोथरूडच्या रूमवर चौघांत एक वायफाय, त्यामुळे व्हिडिओ रात्री अकरानंतर. असाइनमेंट एकही चुकवली नाही. एके दिवशी मेसमध्ये आमटी वाढून घेता घेता रूममेटनं मोबाइलवर हॉल तिकीट दाखवलं. म्हटलं, माझं कधी येणार?

येणारच नव्हतं. नीट ऐका: कोर्सला नाव घालणं फुकट. परीक्षेची नोंदणी वेगळी. फॉर्म वेगळा, त्यात फोटो, सही, केंद्राची निवड, हजार रुपये फी. आणि मुदत कोर्स संपायच्या बरीच आधी संपते. पैसे कापले गेले म्हणजे झालं असंही नाही, पोर्टलवर नोंदणी दिसली पाहिजे. असाइनमेंटचे 25 गुण, केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे 75. परीक्षा नाही तर सर्टिफिकेट नाही, डिग्रीत धरलं जाणारं क्रेडिटही नाही. तीन महिन्यांची जागरणं गेली ती गेलीच.

घाबरू नका, फॉर्म काही अवघड नाही, दहा मिनिटांचं काम आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. वर्गात सरांचं इंग्रजी डोक्यावरून जायचं, हात वर करायची हिंमत नव्हती. ऑनलाइन व्हिडिओत एकच वाक्य सहा वेळा मागं घेतलं तरी कोणी हसत नाही. पण अडलं की शेजारी कोणी नसतं. फोरमवर उत्तर येईपर्यंत प्रश्नच विसरतो आपण. आणि प्रॅक्टिकल व्हिडिओ बघून येत नाही, कोणी काही म्हणो.

टेलिग्रामवर असाइनमेंटची उत्तरं फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. आमच्या वर्गातल्या दोघांना 25 पैकी 24 होते, परीक्षेत पास व्हायला लागणारे 75 पैकी 30 काही निघाले नाहीत. नापास. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांत सत्राची 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात, पण कॉलेजची मंजुरी आधी हातात घ्या. मेंटरच्या, म्हणजे या कोर्ससाठी कॉलेजनं नेमलेल्या सरांच्या, भरवशावर राहू नका. आमच्या मेंटरना फक्त 'किती जणांनी जॉइन केलं' एवढाच आकडा हवा असायचा. एखादा पास झालेला सीनिअर गाठा, चहा पाजा.

वर्षानं तोच कोर्स परत केला, 61 आले. फीच्या पावतीची प्रिंट कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. आई रूमवर आली तेव्हा विचारत होती, हे कसलं रे बिल?