कोल्हापुरातून ऊर्जा धोरणाच्या शासकीय सेवेत जाण्यासाठी

शासनात विज्ञान व ऊर्जा धोरणाचे काम करायचे असेल, तर प्रथम प्रवेशाची दारे नीट ओळखून घ्यावीत. कारण ‘धोरण अधिकारी’ या नावाची स्वतंत्र परीक्षा आपल्याकडे नाही. विद्युत किंवा यांत्रिकी शाखेच्या पदवीधराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून केंद्रीय विद्युत प्राधिकरणात जाता येते. तिची सर्वसाधारण वयोमर्यादा २१ ते ३० वर्षे आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागात शास्त्रज्ञांची पदे असतात आणि त्यांची बढती रिक्त जागेपेक्षा कामाच्या मूल्यमापनावर ठरते. भारतीय प्रशासकीय सेवेचा मार्ग आहेच. मात्र तेथे आज ऊर्जा, उद्या पशुसंवर्धन, अशी बदली होऊ शकते.

परीक्षेच्या अभ्यासाविषयी येथे लिहीत नाही, त्याला मार्गदर्शकांची वाण नाही. उमेदवार कमी पडतात ते तांत्रिक प्रश्न पैशाच्या आणि कायद्याच्या भाषेत मांडताना. ही तयारी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जितकी चांगली होते, तितकी दिल्लीच्या शिकवणी वर्गात होत नाही, असे माझे मत आहे. ओळखीच्या फाउंड्रीचे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे) उच्चदाब वीजबिल मागून घ्यावे. मागणी आकार (एका वेळी घेतलेल्या कमाल वीजभारासाठीची रक्कम) कशावर लागला, भट्टी कोणत्या वेळी चालवली तर दर कमी पडतो, एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे केवळ कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, आकारणी सुरू झाल्यावर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी आलेल्या विजेचे प्रमाण) ढासळण्याचा भुर्दंड बिलात कोठून येतो, हे एका पानात असे लिहावे की ते मालकालाही कळेल आणि हिशेबनिसालाही.

त्यानंतर आदेश वाचायला घ्यावेत. वीज कायदा, २००३ च्या कलम ६४ नुसार दरनिश्चितीचा अर्ज संक्षेपाने प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन नियामक आयोगाला निर्णय द्यावा लागतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशात आधी हरकत, मग वितरण कंपनीचे उत्तर आणि अखेरीस आयोगाचे विश्लेषण असा क्रम दिसतो. अशी एक हरकत, आकडेवारीसह, स्वतः दाखल करून पाहावी. कारखान्यात नोकरी करणाऱ्यांनी ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ऊर्जा लेखापरीक्षक प्रमाणपत्राचाही विचार करावा. त्यासाठी चार प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात, आणि कारखान्यातील अनुभव तेथे पात्रतेत धरला जातो.

सेवेत गेल्यावर सर्वाधिक वेळ जातो तो टिपणी लिहिण्यात. विषय, पार्श्वभूमी, नियमातील तरतूद, वित्तीय भार, पर्याय आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’, हा सांगाडा आजच गिरवावा. समजा, साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीला (उसाचा चोथा म्हणजे बगॅस जाळून केलेल्या विजेला) सवलत द्यावी, असा प्रस्ताव समोर आला. केवळ ‘ही वीज स्वच्छ आहे’ एवढ्यावर नस्ती (फाईल) पुढे सरकत नाही. गळीत हंगाम संपून बगॅस संपल्यावर संच किती काळ बंद राहील, त्या महिन्यांत वितरण कंपनी वीज कोठून व काय दराने घेईल आणि सवलतीचा भार अखेर कोणत्या ग्राहकवर्गावर पडेल, हे वरिष्ठांनी विचारण्याआधीच टिपणीत आलेले असावे.